सूत्रातून नाव : असेंद्रिय संयुगांचे नामकरण

संयुगात कोणती मूलद्रव्ये आहेत आणि त्यांचे अणू कोणत्या प्रमाणात एकत्र आले आहेत, हे रासायनिक सूत्र मोजक्या अक्षरांत आणि अंकांत सांगते. पण सूत्र कागदावर वाचायचे असते. बोलताना, औषधाच्या वेष्टनावर, खताच्या गोणीवर किंवा कारखान्याच्या नोंदवहीत नाव लागते. हे नाव कसे असावे याची एकच मोठी अट आहे: सूत्र पाहून प्रत्येक जाणकाराने तेच नाव सांगावे आणि नाव ऐकून तेच सूत्र लिहावे.

ही अट पाळण्यासाठी रसायनशास्त्राने जे नियम केले, ते पाठांतराची जंत्री वाटू शकतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे एक साधे तत्त्व आहे. ऐकणाऱ्याला जे आपोआप कळते ते नावात घालायचे नाही. जे अन्यथा कळणार नाही ते कधीही गाळायचे नाही. कॅल्शिअम क्लोराइडच्या नावात अणूंची संख्या नसते, कार्बन डायऑक्साइडच्या नावात ती असते आणि आयर्न क्लोराइडच्या नावात कंसातला आकडा लागतो. या तिन्ही पद्धतींचा उगम याच तत्त्वात आहे.

जुनी नावे आणि १७८७ ची सुधारणा

अठराव्या शतकापर्यंत पदार्थांची नावे रंग, चव, उपयोग किंवा मिळण्याचे ठिकाण यांवरून पडत. मराठीतही मोरचूद, हिराकस, तुरटी, नवसागर, सोरा, टाकणखार, शेंदूर ही नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. व्यवहारात ती सोयीची आहेत, पण पदार्थांमधले नाते ती सांगत नाहीत. मोरचूद तांब्याचे आणि हिराकस लोहाचे सल्फेट आहे, म्हणजे दोघांचा एक घटक समान आहे, हे नावांवरून कोणालाही कळणार नाही. युरोपातही हीच स्थिती होती. एकाच पदार्थाला गावोगावी वेगळे नाव असे आणि भिन्न पदार्थ एका नावाने ओळखले जात.

फ्रान्समधील दिजों येथील गितों द मोर्वो यांनी १७८२ मध्ये नावांची पद्धतशीर रचना सुचवली. पुढे लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूरक्र्वा त्यांना येऊन मिळाले आणि १७८७ मध्ये चौघांनी पॅरिसमध्ये रासायनिक नामकरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. संयुगाचे नाव त्याच्या घटकांवरून बनले पाहिजे, ही त्यातली मुख्य भूमिका. सल्फेट आणि सल्फाइट यांसारख्या जोड्या, ज्यांत शेवटच्या प्रत्ययावरून ऑक्सिजनचे कमीजास्त प्रमाण कळते, त्या या ग्रंथातून रूढ झाल्या. स्वीडनच्या बर्झीलियस यांनी १८१३-१४ च्या सुमारास मूलद्रव्यांसाठी अक्षरांच्या संज्ञा दिल्या. १९१९ मध्ये स्थापन झालेला शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ आता हे नियम ठरवतो. असेंद्रिय संयुगांसाठी त्याचे पहिले नियम १९४० मध्ये आले; ‘रेड बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमग्रंथाची सुधारित आवृत्ती २००५ मध्ये निघाली.

सूत्र वाचताना

मूलद्रव्याची संज्ञा एका किंवा दोन अक्षरांची असते. या लेखात ती अक्षरे देवनागरीत आणि दोन संज्ञांमध्ये छोटी रेघ देऊन सूत्रे लिहिली आहेत. मिठाचे सूत्र एनए-सीएल, पाण्याचे एच२-ओ. संज्ञेनंतरचा अंक त्या मूलद्रव्याच्या अणूंची संख्या सांगतो. अंक नसेल तर अणू एक. मूळ लिपीत पहिले अक्षर मोठे आणि दुसरे लहान असते आणि हा भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. सीओ ही कोबाल्ट धातूची संज्ञा आहे, तर सी-ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू.

काही संज्ञा लॅटिन नावांवरून आल्या आहेत, त्यामुळे त्या स्वतंत्रपणे लक्षात ठेवाव्या लागतात. सोडिअमसाठी एनए, पोटॅशिअमसाठी के, लोहासाठी एफई, तांब्यासाठी सीयू, चांदीसाठी एजी, कथिलासाठी एसएन, शिशासाठी पीबी आणि पाऱ्यासाठी एचजी.

सूत्र ओळखीचे झाले की पहिला प्रश्न असा: यात धातू आहे का? कारण धातू व अधातूंची संयुगे आणि केवळ अधातूंची संयुगे यांचे नामकरण वेगवेगळ्या वाटांनी जाते.

ठरलेल्या प्रभाराचे धातू

धातू इलेक्ट्रॉन देऊन धन आयन बनतो आणि अधातू ते घेऊन ऋण आयन बनतो. नावात धातू आधी येतो, त्याचे नाव बदलत नाही. अधातूच्या नावाला शेवटी ‘आइड’ लागते: क्लोरिनचे क्लोराइड, ऑक्सिजनचे ऑक्साइड, गंधकाचे सल्फाइड, नायट्रोजनचे नायट्राइड. एनए-सीएल म्हणजे सोडिअम क्लोराइड, सीए-ओ म्हणजे चुनकळी किंवा कॅल्शिअम ऑक्साइड. माणिक आणि नील या रत्नांचा मुख्य घटक असलेले एएल२-ओ३ म्हणजे ॲल्युमिनिअम ऑक्साइड.

सीए-सीएल२ मध्ये क्लोरिनचे दोन अणू आहेत, तरी त्याला कॅल्शिअम डायक्लोराइड म्हणत नाहीत. कॅल्शिअमच्या आयनावर नेहमी दोन धन प्रभार असतात आणि क्लोराइडवर एक ऋण. संयुग एकूण उदासीन असायला हवे, म्हणून एका कॅल्शिअमला दोन क्लोराइड लागतातच. नुसते नाव ऐकूनही सूत्र एकाच प्रकारे लिहिता येते, तेव्हा ‘डाय’ अनावश्यक ठरते. सोडिअम, पोटॅशिअम व त्यांच्या गटातले धातू एक धन प्रभार धारण करतात, मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, बेरिअम दोन, ॲल्युमिनिअम तीन. जस्ताचा प्रभार जवळजवळ नेहमी दोन आणि चांदीचा बहुधा एक असतो. या धातूंच्या संयुगांची नावे म्हणून सर्वांत सोपी.

परिवर्ती संयुजा आणि कंसातला आकडा

लोह, तांबे, कथिल, शिसे, पारा, मँगनीज यांसारख्या धातूंना एकाहून अधिक संयुजा असतात. एफई-सीएल२ आणि एफई-सीएल३ हे दोन वेगळे पदार्थ आहेत. दोघांनाही आयर्न क्लोराइड म्हटले तर ऐकणाऱ्याला सूत्र कळणार नाही. म्हणून येथे नावात भर घालावी लागते.

जुन्या पद्धतीत कमी संयुजेला ‘अस’ आणि जास्त संयुजेला ‘इक’ हे प्रत्यय लावत: फेरस क्लोराइड व फेरिक क्लोराइड, क्युप्रस ऑक्साइड व क्युप्रिक ऑक्साइड. ही नावे औषधांच्या आणि टूथपेस्टच्या वेष्टनांवर आजही दिसतात. त्यांची मर्यादा अशी की प्रत्यय फक्त ‘दोहोंतले कमी’ किंवा ‘दोहोंतले जास्त’ एवढेच सांगतो. फेरस म्हणजे दोन, क्युप्रस म्हणजे एक. फेरिक म्हणजे तीन, स्टॅनिक म्हणजे चार. प्रत्येक धातूसाठी वेगळे पाठांतर करावे लागते आणि मँगनीजसारख्या अनेक संयुजा असलेल्या धातूपुढे दोन प्रत्यय अपुरे पडतात.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी १९१९ मध्ये सरळ उपाय सुचवला: धातूच्या नावापुढे कंसात त्याची ऑक्सिडीकरण अवस्था अंकाने लिहावी. हा अंक छापताना रोमन आकड्यांत असतो. येथे तो देवनागरीत दिला आहे. तो काढण्याची रीत बेरीज-वजाबाकीची आहे. एफई-सीएल३ मध्ये तीन क्लोराइडचे मिळून तीन ऋण प्रभार, म्हणून लोहावर तीन धन: नाव आयर्न (३) क्लोराइड. सीयू२-ओ मध्ये ऑक्साइडचे दोन ऋण प्रभार दोन तांब्यांत वाटले जातात, प्रत्येकावर एक: कॉपर (१) ऑक्साइड. तो लाल असतो, तर सीयू-ओ म्हणजे कॉपर (२) ऑक्साइड काळा असतो.

या आकड्यावर किती अवलंबून असते, ते पाऱ्याच्या क्लोराइडांवरून कळते. मर्क्युरी (१) क्लोराइड, म्हणजे कॅलोमेल, पाण्यात फारसे विरघळत नाही. एकोणिसाव्या शतकात ते रेचक म्हणून सर्रास दिले जाई. मर्क्युरी (२) क्लोराइड पाण्यात विरघळते आणि जहाल विष आहे. पहिल्याचे सूत्र एचजी२-सीएल२ असे लिहितात, कारण या अवस्थेत पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात. म्हणून ते सूत्र एचजी-सीएल असे संक्षिप्त करत नाहीत.

काही वेळा एकाच संयुगात धातू दोन अवस्थांत असतो. शेंदूर म्हणजे पीबी३-ओ४. त्यातले दोन शिसे-अणू दुसऱ्या आणि एक चौथ्या अवस्थेत असतो, म्हणून नाव लेड (२, ४) ऑक्साइड.

संमिश्र मूलके

अनेक सूत्रांत दोनपेक्षा जास्त मूलद्रव्ये असतात. अशा वेळी काही अणूंचा गट एकत्र राहून एका आयनासारखा वागतो. त्याला संमिश्र मूलक म्हणतात. ओ-एच म्हणजे हायड्रॉक्साइड, एन-ओ३ नायट्रेट, सी-ओ३ कार्बोनेट, एस-ओ४ सल्फेट, पी-ओ४ फॉस्फेट आणि धन प्रभाराचा एन-एच४ म्हणजे अमोनिअम. सूत्रात हे गट ओळखू आले की नाव पुन्हा दोनच भागांचे होते. सीए(ओ-एच)२ म्हणजे विरीचा चुना किंवा कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. के-एन-ओ३ म्हणजे सोरा किंवा पोटॅशिअम नायट्रेट. एन-एच४-सीएल म्हणजे नवसागर किंवा अमोनिअम क्लोराइड. कंसाबाहेरचा अंक गटाची संख्या सांगतो आणि तो नावात येत नाही. कारण प्रभारांच्या हिशेबाने तो काढता येतो.

एकच अधातू ऑक्सिजनच्या वेगवेगळ्या प्रमाणांशी जोडला जातो, तेव्हा शेवटचा प्रत्यय निर्णायक ठरतो. ‘एट’मध्ये ऑक्सिजन जास्त, ‘आइट’मध्ये एकाने कमी. एस-ओ४ सल्फेट, एस-ओ३ सल्फाइट. एन-ओ३ नायट्रेट, एन-ओ२ नायट्राइट. क्लोरिनची साखळी चार पायऱ्यांची आहे, म्हणून तेथे उपसर्गही लागतात. एनए-सीएल-ओ हे सोडिअम हायपोक्लोराइट, घरगुती ब्लीचचा मुख्य घटक. एनए-सीएल-ओ२ सोडिअम क्लोराइट, एनए-सीएल-ओ३ सोडिअम क्लोरेट आणि एनए-सीएल-ओ४ सोडिअम परक्लोरेट.

येथे एक उणीव मान्य करावी लागते. ‘एट’ म्हणजे ऑक्सिजनचे नेमके किती अणू, हे प्रत्यय सांगत नाही. सल्फेटमध्ये ते चार आहेत, नायट्रेटमध्ये तीन. नेहमीची दहा-बारा मूलके त्यांच्या प्रभारांसह लक्षात ठेवणे, हाच यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

काही सूत्रांत ऑक्सिजन फसवतो. बीए-ओ२ पाहून बेरिअमची अवस्था चार आहे असा निष्कर्ष निघू शकतो, पण बेरिअमचा प्रभार दोनच असतो. येथे ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडून पेरॉक्साइड आयन बनला आहे, म्हणून नाव बेरिअम पेरॉक्साइड. पीबी-ओ२ मात्र खरोखरच लेड (४) ऑक्साइड आहे, कारण शिशाला चौथी अवस्था आहे. धातूच्या शक्य अवस्था ठाऊक असतील तर हा घोटाळा टळतो.

दोन अधातूंची संयुगे

अधातू एकमेकांशी इलेक्ट्रॉन वाटून घेतात. त्यांच्यात ठरलेल्या प्रभारांचे बंधन नसते, त्यामुळे तीच दोन मूलद्रव्ये अनेक प्रमाणांत जोडली जाऊ शकतात. म्हणून येथे अणूंची संख्या नावात सांगणे आवश्यक होते. त्यासाठी ग्रीक वळणाचे उपसर्ग वापरतात: एकासाठी मोनो, मग डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्झा, हेप्टा, ऑक्टा, नोना आणि दहासाठी डेका. पहिल्या मूलद्रव्याचा अणू एकच असेल तर त्याला मोनो लावत नाहीत. सी-ओ कार्बन मोनॉक्साइड, सी-ओ२ कार्बन डायऑक्साइड, एस-एफ६ सल्फर हेक्झाफ्लोराइड.

नायट्रोजनचे ऑक्साइड या पद्धतीची गरज सर्वांत स्पष्ट करतात. एन२-ओ म्हणजे डायनायट्रोजन मोनॉक्साइड, हा भूल देताना वापरला जाणारा ‘हसवणारा वायू’. एन-ओ म्हणजे नायट्रोजन मोनॉक्साइड. शरीरात तो रक्तवाहिन्या सैल करण्याचा संदेश पोहोचवतो आणि या शोधासाठी १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले. एन-ओ२ म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, वाहनांच्या धुरातला तपकिरी, फुफ्फुसांना घातक वायू. याशिवाय एन२-ओ३, एन२-ओ४ आणि एन२-ओ५ आहेतच. ‘नायट्रोजन ऑक्साइड’ एवढेच म्हटले तर यांपैकी कोणता, याला उत्तर नाही.

एस-ओ३ ही अक्षरे एकटी असतील तर सल्फर ट्रायऑक्साइड हा प्रभाररहित रेणू. एनए२-एस-ओ३ मध्ये तीच अक्षरे सल्फाइट मूलक होतात आणि नाव सोडिअम सल्फाइट होते. म्हणून सूत्राचा तुकडा न पाहता पूर्ण सूत्र पाहावे लागते.

पाणी आणि अमोनिया यांना मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनीही त्यांची रुळलेली नावे ठेवू दिली आहेत.

आम्ले

सूत्राच्या आरंभी हायड्रोजन असेल आणि पदार्थ पाण्यात आम्लधर्म दाखवत असेल, तर आम्लाचे नाव त्याच्या ऋण मूलकावरून येते. ‘आइड’ असेल तर आरंभी ‘हायड्रो’ व शेवटी ‘इक’: क्लोराइडचे हायड्रोक्लोरिक आम्ल. ‘एट’चे ‘इक’ होते: सल्फेटचे सल्फ्युरिक आम्ल, एच२-एस-ओ४; नायट्रेटचे नायट्रिक आम्ल, एच-एन-ओ३. ‘आइट’चे ‘अस’ होते: सल्फाइटचे सल्फ्युरस, नायट्राइटचे नायट्रस आम्ल. एच-सीएल हा कोरडा वायू असताना मात्र त्याला हायड्रोजन क्लोराइड म्हणतात; पाण्यात विरघळल्यावर तो हायड्रोक्लोरिक आम्ल होतो.

उरलेला हायड्रोजन, दुहेरी क्षार आणि स्फटिकजल

आम्लातला सगळाच हायड्रोजन धातूने घेतला नाही तर उरलेला हायड्रोजन नावात सांगावा लागतो. खाण्याचा सोडा, एनए-एच-सी-ओ३, म्हणजे सोडिअम हायड्रोजन कार्बोनेट. बायकार्बोनेट हे त्याचे जुने नाव. शेतकऱ्यांच्या परिचयाचे डीएपी खत याच प्रकारचे आहे. त्याचे सूत्र (एन-एच४)२-एच-पी-ओ४, म्हणजे डायअमोनिअम हायड्रोजन फॉस्फेट. व्यापारी नावात ‘हायड्रोजन’ गाळला जातो, पण ‘डाय’ ठेवला जातो. फॉस्फेटवर तीन ऋण प्रभार असतात. अमोनिअम दोनच असल्याचे कळले की तिसऱ्या जागी हायड्रोजन आहे हे काढता येते. ‘डाय’ही गाळला असता तर नाव तीन अमोनिअम असलेल्या वेगळ्याच क्षाराचे झाले असते.

तुरटीत दोन धातू आहेत: के-एएल(एस-ओ४)२·१२एच२-ओ. दोन्ही धातूंची नावे इंग्रजी वर्णक्रमाने एकामागे एक घेतात आणि शेवटी पाण्याचे रेणू सांगतात: ॲल्युमिनिअम पोटॅशिअम सल्फेट डोडेकाहायड्रेट. डोडेका म्हणजे बारा. मोरचूद, सीयू-एस-ओ४·५एच२-ओ, म्हणजे कॉपर (२) सल्फेट पेंटाहायड्रेट. पाण्याची संख्या प्रभारांवरून काढता येत नाही, म्हणून ती सांगणे भागच आहे. द्राक्षबागायतदार मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातल्या मोरचुदाच्या वजनाचा सुमारे ३६ टक्के भाग स्फटिकजलाचा असतो. तापवून पाणी काढलेले कॉपर सल्फेट पांढरे असते आणि त्याच वजनात तांबे बरेच जास्त भरते.

जटिल संयुगे

सूत्रात चौकोनी कंस दिसला की मध्यवर्ती धातूभोवती रेणू किंवा आयन जोडलेले आहेत असे समजावे. अशा संयुगांची रचना झुरिचच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ पासून उलगडली आणि त्यासाठी त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नाव बनवताना धातूला जोडलेल्या घटकांची संख्या व नावे आधी, धातू नंतर आणि शेवटी कंसात त्याची अवस्था येते. पूर्ण गट ऋण प्रभाराचा असेल तर धातूच्या नावाला ‘एट’ लागते आणि लोहाचे फेरेट होते. के४[एफई(सी-एन)६] मध्ये पोटॅशिअमचे चार धन आणि सायनाइडचे सहा ऋण प्रभार आहेत. म्हणून लोहाची अवस्था दोन. नाव पोटॅशिअम हेक्झासायनिडोफेरेट (२). प्रशियन ब्ल्यू या प्रसिद्ध निळ्या रंगाच्या नावात लोह दोनदा येते, कारण त्यातली दोन प्रकारची लोहे वेगळ्या अवस्थांत आहेत: आयर्न (३) हेक्झासायनिडोफेरेट (२).

प्रश्नांचा क्रम

अपरिचित सूत्रासमोर पुढील क्रम उपयोगी पडतो. सूत्र चौकोनी कंसाचे आहे का? स्फटिकजल आहे का? आरंभी हायड्रोजन असून ते आम्ल आहे का? धातू किंवा अमोनिअम आहे का? नसेल तर उपसर्ग लावून अणू मोजावेत. असेल तर ऋण भाग साधा आहे की संमिश्र मूलक, हे ओळखावे आणि धातूची अवस्था एकच आहे की अनेक, ते तपासावे. अनेक असतील तर प्रभारांचा हिशेब करून कंसात आकडा लिहावा.

एका ऐतिहासिक उदाहरणावर हा क्रम तपासता येतो. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९६ मध्ये पारा आणि सौम्य नायट्रिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून पिवळे स्फटिक मिळवले. त्यांचे सूत्र एचजी२(एन-ओ२)२. यात धातू आहे. ऋण भाग एन-ओ२ म्हणजे नायट्राइट, नायट्रेट नव्हे. दोन नायट्राइटचे दोन ऋण प्रभार पाऱ्याच्या दोन अणूंत वाटले गेले, म्हणून पाऱ्याची अवस्था एक. नाव मर्क्युरी (१) नायट्राइट. राय यांच्या काळच्या पद्धतीने मर्क्युरस नायट्राइट. हे नाव उलट दिशेने वाचले तर पहिल्या अवस्थेतला पारा जोडीने येतो, या जोडीवर दोन धन प्रभार असतात आणि त्यासाठी एक ऋण प्रभाराचे दोन नायट्राइट लागतात. अशा रीतीने नावातून तेच सूत्र परत मिळते आणि नामकरणाची मूळ अट पूर्ण होते.